कुंडी फुटली, माती सांडली नाही

देवाला प्रश्न विचारायचा आणि पाकळी पडायची वाट बघायची, हे माझ्या वडिलांचं काम. आम्ही तळकोकणातले गुरव. गावच्या रवळनाथाच्या पाषाणावर बाबा ओल्या पाकळ्या चिकटवतात. आमच्याकडे त्याला कळे लावणं म्हणतात. कुणाची म्हैस परत आलेली नसते, कुणाच्या मुलीचं लग्न जमत नसतं, कुणाच्या भावाभावांत बांध सरकवल्यावरून जुंपलेली असते. बाबा गाऱ्हाणं घालतात, कळे लावतात आणि मग सगळे गप्प बसतात. उजवा पडला तर होय, डावा पडला तर नाही. कॉलेजात गेल्यावर मला याचं शास्त्र समजलं. पाकळीतलं पाणी सुकतं, चिकटपणा जातो, जी आधी सुकते ती आधी पडते. सुट्टीत घरी आल्यावर मी हे बाबांना सांगितलं. ते देवळातलं निर्माल्य गोळा करत होते. मान वर न करता म्हणाले, "बरोबर आसा. पण खयची आदी सुकतली, ता तुका म्हायत आसा?"

मला माहीत नव्हतं. पण म्हणून मी देव मानायला लागले असं झालं नाही. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली, पीएचडी तर आमच्या अख्ख्या वाडीत पहिली, आणि हे सांगताना माझी मान आजही ताठ असते. जे मिळवलं ते अभ्यास करून मिळवलं, कळे लावून नाही, असं मी लोकांना तोंडावर सांगत असे. माझ्या नवऱ्याला, निखिलला, माझं हे बोलणं आवडायचं. सासूबाईंना अजिबात आवडायचं नाही. "शिकलीस म्हणून काय देवाला मागच्या बाकावर बसवशील?" असं त्या एकदा म्हणाल्या होत्या.

जपानात त्सुकुबाला मी पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं कराराचं संशोधन, करत होते. मोठा भूकंप होऊन काही वर्षं झाली होती. तेव्हा घाबरून भारतात गेलेली काही मराठी कुटुंबं परत आली होती, काही आली नाहीत. आम्ही त्यानंतर आलेले. धक्के अधूनमधून बसतच. कपाट भिंतीला पट्ट्यांनी बांधायचं, दाराशी पाण्याच्या बाटल्या ठेवायच्या, फोन भोंग्यासारखा वाजला की टेबलाखाली जायचं, हे आम्हीही शिकलो होतो. निखिलचं ऑफिस टोकियोत तोयोसुला, तो रोज फास्ट ट्रेनने जायचा. माझी लॅब सायकलने जाण्याएवढी जवळ. माझं काम भाताच्या मुळांवर होतं. मूळ माती कशी धरून ठेवतं, हा माझा विषय. गंमत अशी की हे बघायचं तर आधी रोप उपटावं लागतं. मग मुळं पाण्याच्या धारेखाली स्वच्छ धुवायची, काचेवर पसरायची, फोटो काढायचा. धरलेलं सुटलं की मगच ते मोजता येतं. त्यात काही विचित्र आहे असं मला तेव्हा वाटत नव्हतं.

आदल्या वर्षी आमचं एक बाळ पोटातच गेलं होतं. त्याबद्दल मी फार लिहिणार नाही. दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा आम्ही दोघांनी पाचवा महिना संपेपर्यंत घरी कळवलं नाही. कळवलं आणि दिवाळी होऊन गेल्यावर एका तपासणीत डॉक्टरीणबाईंनी स्क्रीनवरून नजर काढलीच नाही. गर्भाशयाचं तोंड वेळेआधी उघडायला लागलं होतं. त्यांनी मला तिथूनच व्हीलचेअरवर बसवलं. "आजपासून झोपायचं. बाळंत होईपर्यंत." मी विचारलं, "लॅबमध्ये सामान राहिलंय, आणून येऊ का?" त्या म्हणाल्या, "सामान नवरा आणेल." जपानात अशा बायकांना घरी पाठवत नाहीत. महिनोन् महिने इस्पितळात सलाईन लावून आडवं ठेवतात. फक्त बाथरूमपुरतं उठायचं, तेही विचारून.

इस्पितळ लहान होतं, जुनं, बाळंतिणींचंच. तिसऱ्या मजल्यावर खिडकीजवळची खाट मिळाली. खिडकीतून त्सुकुबाचा डोंगर दिसतो म्हणतात. मला आडवं पडून फक्त आभाळ आणि एका विजेच्या तारेचा तुकडा दिसायचा. औषधाने छाती धडधडायची, हात थरथरायचे, चमचा तोंडापर्यंत नेताना सूप सांडायचं. तरी मी पोटावर उशी आणि उशीवर लॅपटॉप ठेवून काम करायचे. डिसेंबरात माझ्या कराराची मुलाखत होती. समितीसमोर प्रत्यक्ष उभं राहूनच बोलायचं, फोनवरून चालत नाही, मग करार वाढणार की मार्चमध्ये संपणार हे ठरणार. पाठ उचलून टाइप करू लागले की पोट दगडासारखं कडक व्हायचं. नर्स यायची, खाटेचा उंचावलेला भाग खाली करायची, आणि लॅपटॉप हळूच टेबलावर ठेवायची. ती गेली की मी पुन्हा घ्यायचे.

सासूबाई पुण्याहून रोज फोन करायच्या. "तिकडे परक्या मुलखात एकटी काय पडून राहतेस, विमानात बसव म्हणावं निखिलला." विमानात बसणं शक्य नाही हे त्यांना पटत नव्हतं. शेवटी निखिलला म्हणाल्या, "बरं, निदान तुळस तरी ठेव तिच्या उशाशी. तुळशीच्या लग्नाचे दिवस आहेत." निखिल इचिकावाला एका मराठी वहिनींकडे गेला. त्यांच्या गॅलरीत तुळशी होत्या. एक लहानशी मातीची कुंडी दोन्ही हातांत धरून, दोन ट्रेन बदलून तो रविवारी सकाळी आला. वाटेत सगळे आपल्याकडे बघत होते म्हणाला. कुंडी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, आणि आत आलेली नर्स दारातच थबकली.

ती आधी मातीबद्दल बोलली, स्वच्छतेबद्दल बोलली. पण अडचण वेगळी आहे हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. निखिलने खोदून विचारलं तेव्हा फार संकोचून म्हणाली की आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला जाताना फुलं नेतात, पण कापलेली. मुळं असलेलं रोप कुणी नेत नाही. रोपासारखा आजारीही अंथरुणाला मुळं धरतो म्हणतात. निखिल लालबुंद झाला. "सॉरी, सॉरी, आम्हाला माहीत नव्हतं," म्हणत तो कुंडी उचलायला लागला. मी मराठीत म्हणाले, "ठेव रे ती. एकाच्या श्रद्धेने आणायची, दुसऱ्याच्या श्रद्धेने न्यायची. कुंडीला काही कळतं का?" तो म्हणाला, "तुला कळतं ना? मग तू गप्प बस." आणि तेवढ्यात पुस्तकांची ढकलगाडी घेऊन ओनुकी-सान आत आल्या.

ओनुकी-सान म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या चित्रकलेच्या शिक्षिका. सत्तरीच्या, बुटक्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. आठवड्यातून दोनदा त्या इस्पितळात पुस्तकं वाटायला यायच्या. माझी डॉक्टरेट झालीय हे कळल्यापासून मला 'सेन्सेई', म्हणजे गुरुजी, म्हणायच्या, आणि त्यात मान किती आणि चिमटा किती हे मला कधीच ठरवता आलं नाही. त्यांनी नर्सकडे पाहिलं, निखिलच्या हातातल्या कुंडीकडे पाहिलं, आणि एकदम हसायला लागल्या.

"अहो, पण हिने मुळं धरायलाच हवीत ना? ही उठली की बाळ गेलं. या इमारतीत हे रोप चुकून कुणासाठी बरोबर असेल तर ते सेन्सेईंसाठी."

नर्स हसली. मग गंभीर होऊन हेड नर्सला विचारायला गेली. हेड नर्सने अर्धा दिवस विचार केला, मातीवर धुतलेल्या पांढऱ्या खड्यांचा थर द्यायची अट घातली आणि परवानगी दिली. निखिल शंभर येनच्या दुकानातून खडे घेऊन आला. तुळस राहिली.

पुढच्या वेळी आल्यावर ओनुकी-सानांनी पुस्तकांखालून एक मोठं पाकीट काढलं. "तुमच्यासारखीच एक होती आमच्या घरात," म्हणाल्या. "तिने तर मुळांसकट रोपं मागून घेतली होती."

तिचं नाव शिनो. ओनुकी-सानांच्या पणजोबांची बहीण. डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं निळीने कापड रंगवणाऱ्यांचं घर होतं. एकोणिसाव्या शतकातली गोष्ट. लग्नाचं बोलणं चालू असताना शिनो कोठाराच्या शिडीवरून पडली आणि कमरेखालचं शरीर गेलं. त्यानंतर मरेपर्यंत, म्हणजे तीस वर्षांच्याही वर, ती पडवीलगतच्या एका खोलीत आडवी होती. सुरुवातीची काही वर्षं ती कुणाशी बोलली नाही. लोक कापलेली फुलं आणायचे, ती दोन दिवसांत मान टाकायची, आई ती उचलून न्यायची. एक दिवस तिने आईला सांगितलं की मला मुळं असलेलं रोप आणून दे. आई रडायला लागली. असं रोप म्हणजे मुलीच्या अंथरुणावर शिक्काच. शिनो म्हणाली, "मी मुळं धरलीच आहेत. आता सोबतीला तशीच कुणीतरी असू देत."

मग रोपं आली. कुंड्यांतून, फुटक्या वाडग्यांतून, रंगाच्या जुन्या बादल्यांतून. डोंगरावरून लाकडं आणणारी माणसं नेचे आणून द्यायची, बायका बांधावरचं तण आणायच्या. आणि शिनो त्यांची चित्रं काढू लागली. तिला बसता येत नव्हतं. भावाने आढ्यावरून दोऱ्या सोडून तिच्या तोंडावर एक फळी टांगून दिली, कागद फळीच्या खालच्या बाजूला. कुंचला वर करून काढायचं. रंग ओला असला की थेंब डोळ्यात पडायचा. म्हणून तिने जवळजवळ कोरड्या कुंचल्याने, केसाएवढ्या बारीक रेघांनी काढायची पद्धत बसवली. प्रत्येक चित्राच्या कडेला एक छोटी कविता असायची. पुढे पुढे गावातले कविता करणारे लोक तिच्याच खोलीत जमायला लागले. ती पडल्या पडल्या त्यांच्या ओळी दुरुस्त करायची, आणि ओनुकी-सानांच्या घरात अजून सांगतात की दुरुस्ती फार टोचून करायची. ती गेल्यावर चित्रं निळ्या कापडात गुंडाळून कोठारात वर ठेवली गेली आणि सगळे विसरले. मोठ्या भूकंपात कोठाराची भिंत पडली. ढिगाऱ्यातून पेट्या काढताना ती बोचकी ओनुकी-सानांच्या हाती लागली.

पाकिटात त्या चित्रांच्या रंगीत प्रती होत्या. मी वनस्पतिशास्त्राची माणूस, चित्र म्हणून काही बघितलं नाही, चुका शोधायला लागले. मिळाल्या नाहीत. पण काहीतरी वेगळं वाटत होतं आणि ते कळायला थोडा वेळ गेला. एकाही चित्रात पानाची वरची बाजू नव्हती. फुलांचे देठ, फुलाखालची हिरवी वाटी, पानांच्या मागच्या ठसठशीत शिरा, नेच्याच्या पानामागे ओळीने लागलेले तपकिरी ठिपके. आपण झाडाकडे वरून किंवा समोरून बघतो. तिने आयुष्यभर खालून पाहिलं होतं. मी मान वळवून कट्ट्यावरच्या तुळशीकडे पाहिलं. तुळशीला लहानपणापासून पाणी घातलंय, प्रदक्षिणा घातल्यात. तिच्या पानांच्या मागची जांभळट शिरांची जाळी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

एका कवितेचा अर्थ ओनुकी-सानांनी मला सोपा करून सांगितला. रोपाला खिडकीकडे वळायला कुणी लागत नाही, मला वळवायला आई लागते, असं काहीसं. "दुःखाची आहे का?" मी विचारलं. "तुम्हीच सांगा," त्या म्हणाल्या. "आईबद्दल आहे असं मला वाटतं."

त्यानंतर मी बदलले वगैरे काही नाही. मुलाखतीची तारीख जवळ येत होती आणि मी मनाशी पक्कं केलं होतं. दोन तास. व्हीलचेअरची टॅक्सी करायची, संस्थेत जायचं, बसूनच बोलायचं, परत यायचं. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट नाही म्हटलं. मी म्हणाले, माझ्या जबाबदारीवर जाते. त्या म्हणाल्या, तुम्हाला बांधून ठेवता येत नाही, पण मी सही करणार नाही. निखिलने पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवला. मग बाहेर जाऊन आला आणि हळू आवाजात म्हणाला, "तुझं काम तुझ्यासाठी काय आहे ते मला माहीत आहे. मी येतो न्यायला." तो रडून आला होता. माझ्या बाजूने विचार करा. देवळाच्या पायरीवरून मी इथवर आले होते आणि मला वाटत होतं की करार सुटला तर मी थेट त्या पायरीवरच जाऊन पडेन. बाळ आतून लाथा मारत होतं. त्याला धोका आहे हे मला कळत होतं, आणि तरी मी निघाले होते.

सासूबाईंनी हे ऐकलं आणि कोकणात बाबांना फोन केला. ज्या बाई कौलाला 'तुमच्या गावाकडचं काहीतरी' म्हणायच्या, त्यांनी बाबांना गाऱ्हाणं घालायला सांगितलं. मला याचा पत्ता नव्हता.

मुलाखत दुपारी होती. जेवण झाल्यावर मी नर्सच्या मदतीने कपडे बदलले, अंगात कोट चढवला आणि निखिलची वाट बघत खाटेच्या कडेला बसले. पोट कडक होत होतं. मी घड्याळाकडे बघत होते. ओनुकी-सान ढकलगाडी घेऊन आल्या. माझा कोट बघून त्या नेहमीसारखं काही टोचून बोलतील असं वाटलं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "आज बाहेर थंडी आहे."

आणि त्याच वेळी सगळ्यांचे फोन एकदम केकाटले. तो भोंगा ज्याने ऐकलाय त्याला सांगायला नको. पुढच्याच क्षणी इमारत हलायला लागली. मी काहीही विचार केला नाही. सलाईनची नळी हाताला, पाय जमिनीकडे, उठून पळायचं एवढंच शरीराला कळलं. माझे पाय जमिनीला लागायच्या आत ओनुकी-सानांनी दोन्ही हातांनी माझे खांदे धरले आणि मला मागे उशीवर दाबलं. इतक्या बुटक्या बाईत एवढं बळ असेल असं वाटलं नव्हतं. त्या माझ्यावर ओणवल्या होत्या, त्यांचा चष्मा दोरीवरून माझ्या चेहऱ्यापुढे झोके घेत होता.

"उठायचं नाही. झोपून राहा. मी आहे ना."

खिडकी खडखडली, ढकलगाडी भिंतीवर जाऊन आदळली, आणि कट्ट्यावरून कुंडी खाली पडून फुटली. मग हळूहळू सगळं थांबलं. त्या मात्र लगेच उठल्या नाहीत. आपलं कोठार पडलं तेव्हाचं काही त्यांना आठवलं असेल. मी विचारलं नाही.

नर्स धावत आली, बाळाचे ठोके ऐकले, ठीक होते. पाठोपाठ सूचना आली की लिफ्ट आपोआप बंद पडल्या आहेत, माणूस येऊन तपासेपर्यंत चालू होणार नाहीत. निखिलचा मेसेज आला, ट्रेन मध्येच उभी आहे. मी तिसऱ्या मजल्यावर, जिने उतरायला बंदी. मी कुशीवर वळले आणि खाली पाहिलं.

कुंडीचे तुकडे फरशीभर झाले होते. पांढरे खडे कोपऱ्यापर्यंत गेले होते. आणि मधोमध तुळस उभी होती. तिच्याखाली माती जशीच्या तशी, कुंडीच्या आकाराची. बाहेरून पांढऱ्या बारीक मुळांचं जाळं दिसत होतं. कुंडी गेली होती तरी आकार राहिला होता, कारण मुळांनी माती सोडली नव्हती. यात काही अद्भुत नाही. मुळं दाटली की असंच होतं, माझ्या लॅबमध्ये मी रोज बघायचे, आणि पुढच्याच मिनिटाला ते धुऊन टाकायचे. त्या दिवशी धुवायला कुणी नव्हतं. मी नुसती बघत राहिले. मला शिनोची आठवण आली. मग मी कोट काढला. ओनुकी-सानांनी तो घडी करून खुर्चीवर ठेवला. मी प्रोफेसरांना फोन केला आणि येत नाही म्हणाले. मग ते म्हणाले, "काळजी घ्या." समितीने पुढे नियमाप्रमाणे ठरवलं आणि माझा करार मार्चमध्ये संपला. तक्रार म्हणून लिहीत नाही, झालं ते लिहिते.

संध्याकाळी बाबांचा फोन आला. बाबा एरवी फोन करत नाहीत. त्यांना भूकंपाचं काही माहीत नव्हतं.

"बाय, बरा मा? तुझ्या सासवेन सांगितल्यान म्हणान देवाक विचारलंय. पोरग्येन उठाचा काय, म्हणान. सकाळधरना कळे लावलंय."

"मग? कुठला पडला?"

"एकव पडाक नाय." ते म्हणाले. "देवान धरून ठेवल्यान हा. तू गप पडान रव."

बाबांना ओळखणाऱ्यालाच यातलं वजन कळेल. कळा पडला नाही तर देव बोलत नाही एवढाच त्याचा अर्थ, लोकांना उद्या या म्हणून सांगायचं, हा रिवाज. देवाच्या मौनाला आपला अर्थ बाबांनी कधी लावला नाही. जन्मभर ते फक्त पडलेल्या पाकळीचं सांगत आले. त्या दिवशी न पडलेल्या पाकळीचं त्यांनी मला सांगितलं. तो कौल देवाचा होता की बाबांचा, हे मी त्यांना विचारलं नाही. आज वाटतं, विचारण्यासारखं त्यात काही नव्हतंच. मी फरशीवरची तुळस आणि पाषाणावरचे कळे एकाशेजारी एक ठेवते आहे. जोडायचे की नाही ते ज्याचं त्याने बघावं. मी एवढंच केलं, की गप्प पडून राहिले.

तुळस मी दुसऱ्या दिवशी निखिलकडून नव्या कुंडीत घालून घेतली. लॅपटॉप घरी पाठवला. नंतरचे दिवस सोपे गेले असं नाही. पाठ दुखायची, हात थरथरायचे, काही सकाळी मला करार आठवून राग यायचा. तेव्हा मी पानांच्या मागच्या बाजू बघायचे. ओनुकी-सान यायच्या आणि म्हणायच्या, "काय सेन्सेई, अजून इथेच? छान." जानेवारीच्या शेवटी, थोडी लवकर पण फार लवकर नाही, एका सकाळी मुलगी झाली. लहानशी होती, पण तिने पहिल्याच मिनिटाला एवढा टाहो फोडला की नर्स म्हणाली, "ही आईवर गेली आहे." बाबांना कळवलं तेव्हा ते म्हणाले, "बरा झाला," आणि फोन आईकडे दिला. मग मागून, शेजारच्या देवळात त्यांनी घंटा वाजवल्याचा आवाज आला. भर दुपारी, आरतीची वेळ नसताना.

दीड वर्षाने मला दुसऱ्या एका संस्थेत काम मिळालं, आधीपेक्षा खालच्या पदावर. मुळंच धुते अजून. मी देवळात जाऊन बसणारी झाले नाही, पण मुलीला घेऊन गावी गेले की बाबांच्या शेजारी बसते आणि पाकळीकडे बघते. सुकण्याचं शास्त्र मला येतंच. त्याच्या पुढचं जे बाबा विचारत होते, ते मला येत नाही, आणि येत नाही म्हणून आता लाज वाटत नाही. आपल्याला धरून ठेवणारं काय असतं ते आपल्याला बहुधा दिसत नाही. पडल्या जागी राहावं लागतं, एवढं मात्र कळलं. ज्या बाईने मला खांदे धरून खाली ठेवलं तिच्या रूपाने कोण आलं होतं, हे मी ठरवत बसत नाही. हात जोडते.

गेल्या वर्षी ओनुकी-सानांनी आम्हाला घरी बोलावलं. कोठार आता दुरुस्त झालंय. शिनोची खोली त्यांनी तशीच ठेवली आहे, आढ्याला दोऱ्यांच्या खुणा आहेत. पडवीच्या काचेआड इतर रोपांच्या रांगेत आमच्या तुळशीच्या मंजिऱ्यांतून उगवलेलं एक रोप होतं. मी ओनुकी-सानांची परवानगी घेऊन तातामीच्या गवती चटईवर, शिनो जिथे पडायची तिथे आडवी झाले. माझी मुलगी आधी माझ्याकडे बघून हसली, मग शेजारी येऊन तशीच पडली. ती माझ्याशी जपानीतच बोलते, मी मराठीत.

"आई, इथून पानं उलटी दिसतात."

"उलटी नाही गं. खालून दिसतात."

ती सरपटत कुंडीपाशी गेली, बोटाने माती उकरायला लागली. "मला मुळं बघायची आहेत. तू ऑफिसात बघतेस तशी."

"बघायची तर उपटावं लागतं," मी म्हणाले.

तिने बोट मागे घेतलं. थोडा वेळ रोपाकडे बघितलं, आणि उकरलेली माती तळहाताने पुन्हा सारखी केली.

"मग राहू दे," ती म्हणाली.